उसळत्या विश्वातून पार होणारे तरंग

महास्फोटापूर्वी काय होते, या प्रश्नाला विश्वरचनाशास्त्रात जी उत्तरे सुचवली गेली आहेत, त्यांपैकी एक असे सांगते की त्यापूर्वीही विश्व होतेच. फक्त ते प्रसरण पावत नव्हते, तर आकुंचन पावत होते, आणि अतिशय दाट परंतु सांत अशा अवस्थेला पोहोचल्यावर ते उलटले व पुन्हा पसरू लागले. या उलटण्याला उसळी म्हणतात आणि अशा विश्वांच्या गणिती आराखड्यांना उसळीची प्रतिमाने. कल्पना नवी नाही. अलेक्झांडर फ्रीडमन यांच्या १९२२ च्या निबंधात आवर्ती विश्वाची शक्यता नोंदलेली आहे, जॉर्ज लमेत्र यांनी १९३३ मध्ये तिचा विचार केला, आणि रिचर्ड टोलमन यांनी १९३४ मध्ये दाखवून दिले की एन्ट्रॉपी, म्हणजे ऊष्मागतिकीतील अव्यवस्थेचे माप, प्रत्येक आवर्तनात वाढत असल्यामुळे पुढचे आवर्तन मागच्यापेक्षा मोठे होते, आणि उलट दिशेने मागे गेल्यास आवर्तने लहान लहान होत जाऊन आरंभाचा प्रश्न पुन्हा दारात उभा राहतो. त्या काळातील चर्चा संपूर्ण विश्वाच्या आकाराची होती आणि विश्व सर्वत्र सारखेच आहे असे तीत गृहीत धरलेले असे. आज मात्र उसळीचे एखादे प्रतिमान टिकते की कोसळते, याचा निवाडा त्या सारखेपणातील अत्यल्प उण्याअधिकावर होतो.

हे उणेअधिक प्रत्यक्ष मोजलेले आहे. आकाशाच्या सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मलहरींच्या पार्श्वभूमी प्रारणाचे तापमान सरासरी २.७२५ केल्विन आहे, आणि १९९२ मध्ये कोबे उपग्रहाने दाखवले की दिशेनुसार त्यात सुमारे एक लाखांत एक इतका फरक पडतो. प्रारण मोकळे झाले त्या वेळी, म्हणजे विश्व सुमारे ३,८०,००० वर्षांचे असताना, द्रव्याच्या घनतेत जे किंचित चढउतार होते त्यांचीच ही खूण असून पुढे गुरुत्वाकर्षणाने त्यांतूनच दीर्घिका आणि दीर्घिकांचे समूह घडले. या चढउतारांना क्षोभ म्हणतात. कोणताही क्षोभ निरनिराळ्या लांबीच्या तरंगांची बेरीज म्हणून मांडता येतो, आणि कोणत्या तरंगलांबीला किती जोर आहे याच्या आलेखाला क्षोभांचा वर्णपट म्हणतात. प्लँक उपग्रहाच्या २०१८ च्या निष्कर्षांनुसार हा वर्णपट जवळजवळ मापनिरपेक्ष आहे, म्हणजे लहान आणि मोठ्या तरंगांचा जोर जवळपास सारखाच आहे. जवळपास एवढ्यासाठी, की वर्णपटाचा कल दाखवणारा अंक अचूक मापनिरपेक्षतेसाठी १ असायला हवा, तो ०.९६५ भरतो आणि त्यातील अनिश्चितता केवळ ०.००४ आहे. लांब तरंगांना झुकते माप आहे, पण ते जरासेच. विश्वाच्या आरंभाविषयीच्या प्रत्येक सिद्धांताला या अंकाचा हिशेब द्यावा लागतो.

प्रचलित हिशेब इन्फ्लेशनचा आहे. विश्वाच्या अगदी सुरुवातीला अत्यल्प काळ प्रचंड वेगाने प्रसरण झाले आणि निर्वातातही अटळ असलेली पुंजयामिकीय थरथर त्या प्रसरणात ताणली जाऊन वैश्विक आकाराची झाली, असे तो सिद्धांत सांगतो. व्याचेस्लाव मुखानोव आणि गेनादी चिबिसोव यांनी १९८१ मध्ये या थरथरीतून जवळजवळ मापनिरपेक्ष वर्णपट मिळतो हे दाखवले. उसळीच्या प्रतिमानांना हेच फळ इन्फ्लेशनवाचून मिळवायचे असते, आणि ते शक्य का आहे हे समजण्यासाठी दोन लांबींची तुलना करावी लागते. पहिली लांबी एखाद्या क्षोभाची तरंगलांबी, जी विश्वाच्या आकारमानासोबत त्याच प्रमाणात बदलते. दुसरी हबल त्रिज्या, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाच्या वा आकुंचनाच्या वेगावरून ठरणारे अंतर, जे आजच्या विश्वात सुमारे १४ अब्ज प्रकाशवर्षे आहे. तरंगलांबी हबल त्रिज्येपेक्षा लहान असते तोवर तरंग नेहमीप्रमाणे आंदोलत राहतो. ती त्रिज्येपेक्षा मोठी झाली की आंदोलन थांबते आणि पुढे त्या तरंगाचे काय होईल हे अवकाशाच्या प्रसरण-आकुंचनावर अवलंबून राहते. इन्फ्लेशनमध्ये हबल त्रिज्या जवळपास स्थिर राहते आणि तरंगलांब्या भराभर वाढून तिच्याबाहेर पडतात. आकुंचन पावणाऱ्या विश्वात तरंगलांब्या लहान होत असतात हे खरे, पण हबल त्रिज्या त्यांच्याहून वेगाने लहान होते, त्यामुळे तरंग तिच्याबाहेर पडतात ते इथेही. दोन्हींकडे घडणारी गोष्ट एकच आहे, मार्ग मात्र उलटे आहेत.

या उलट्या मार्गाचा एक लाभ असा की तरंग कधीही फार आखूड होत नाहीत. इन्फ्लेशनमध्ये आजचे वैश्विक तरंग मागे मागे नेले, तर प्रसरण पुरेसे दीर्घ असल्यास त्यांची लांबी प्लँक लांबीपेक्षाही, म्हणजे सुमारे १.६ मीटरला दहाच्या पस्तिसाव्या घाताने भागल्यावर उरणाऱ्या लांबीपेक्षाही, कमी भरते, आणि तिथे आपल्या ओळखीचे भौतिकशास्त्र लागू आहे की नाही हेच ठाऊक नाही. उसळीच्या वेळची ऊर्जा इन्फ्लेशनसाठी सामान्यतः गृहीत धरतात त्याच पातळीवर, दहाच्या सोळाव्या घाताइतके गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, धरली, तर आजच्या दृश्य विश्वाएवढा लांब असलेला तरंग उसळीच्या क्षणीही मिलिमीटरच्या घरात असतो. मिलिमीटर ही काही अज्ञात भौतिकीची लांबी नव्हे, आणि उसळीच्या बाजूने केल्या जाणाऱ्या युक्तिवादांत हा युक्तिवाद सर्वांत बळकट म्हणता येईल.

वर्णपट कसा येतो, हे आकुंचनाच्या काळात विश्वात कशाचे वर्चस्व आहे यावर ठरते. क्षोभांच्या वाढीचे समीकरण, ज्याला मुखानोव आणि मिसाओ सासाकी यांचे नाव दिले जाते, एखाद्या आंदोलकाच्या समीकरणासारखे असते. फक्त त्यात पार्श्वभूमीच्या विश्वामुळे एक जादा पद येते आणि तरंग हबल त्रिज्येबाहेर गेला की त्याच पदाचा अंमल चालतो. आकुंचनात प्रारणाचे वर्चस्व असेल तर हे पद शून्य होते, निर्वातातील थरथरीला काहीच जोर मिळत नाही, आणि आखूड तरंगांचे प्राबल्य असलेला, निरीक्षणांशी अजिबात न जुळणारा वर्णपट हाती येतो. परंतु ज्याचा दाब नगण्य आहे असे द्रव्य, धुळीसारखे शीत द्रव्य, वर्चस्व गाजवत असेल, तर हे पद अगदी इन्फ्लेशनमध्ये असते तसेच होते. लांब तरंग आधी बाहेर पडतात, म्हणून त्यांना वाढीसाठी अधिक काळ मिळतो. मुळात आखूड तरंगांची थरथर अधिक असते. आणि धुळीच्या आकुंचनात या दोन गोष्टी एकमेकींची नेमकी भरपाई करतात. डेव्हिड वाँड्स यांनी १९९९ मध्ये हे साम्य मांडले, आणि फाबिओ फिनेल्ली व रॉबर्ट ब्रँडनबर्गर यांनी २००२ मध्ये त्यावर उभारलेले प्रतिमान आज द्रव्य-उसळी या नावाने ओळखले जाते. कल १ ऐवजी ०.९६५ येण्यासाठी दाब अगदी शून्य न धरता किंचित ऋण धरावा लागतो.

साम्य इथेच संपते, आणि विषय खऱ्या अर्थाने रोचक होतो तो इथून पुढे. हबल त्रिज्येबाहेरच्या क्षोभाच्या समीकरणाला दोन उकली असतात. प्रसरण पावणाऱ्या विश्वात त्यांपैकी एक स्थिर राहते आणि दुसरी झपाट्याने विरून जाते, इतकी की पाठ्यपुस्तके तिला क्षयी उकल म्हणून बाजूला सारतात आणि पुढे तिचा उल्लेखही करत नाहीत. आकुंचनात काळाची दिशा जणू उलटी असल्यामुळे तीच उकल वाढत जाते आणि स्थिर उकलीला मागे टाकते. द्रव्य-उसळीतील मापनिरपेक्ष वर्णपट या वाढत्या उकलीचाच आहे. याचा पहिला परिणाम असा की क्षोभांचा अंतिम आयाम उसळीपूर्वी वाढ कुठे थांबते यावर ठरतो, म्हणून आकाशात मोजलेल्या आयामावरून धुळीचे आकुंचन किती ऊर्जेपर्यंत चालले असेल हे काढता येते. दुसरा परिणाम अडचणीचा आहे: आकुंचनात वाढण्याचा हा हक्क फक्त हव्या त्या क्षोभांनाच मिळत नाही.

सर्वांत धोक्याचा नको असलेला क्षोभ म्हणजे दिशाविषमता, म्हणजे विश्व एका दिशेने थोडे अधिक आणि दुसरीकडे थोडे कमी आकुंचन पावत असणे. विश्वाची लांबी निम्मी झाली की धुळीची घनता ८ पट होते, प्रारणाची १६ पट, आणि दिशाविषमतेत साठलेली ऊर्जा ६४ पट. आरंभी कितीही नगण्य असली, तरी पुरेसे आकुंचन झाल्यावर विश्वावर तिचीच सत्ता चालते. मग अवकाश कधी एका अक्षावर, कधी दुसऱ्या अक्षावर ओढले व चेपले जाते, आणि व्लादिमीर बेलिन्स्की, इसाक खलात्निकोव व येव्गेनी लिफ्शित्झ यांनी १९७० च्या सुमारास वर्णिलेली ती गोंधळी अवस्था येते. तिच्यातून गेल्यावर समरूप विश्व बाहेर पडेल अशी आशा करणे व्यर्थ आहे. धुळीचा गुठळ्या होण्याचा कलही आकुंचनात थांबत नाही. जेरोम क्विंटिन आणि ब्रँडनबर्गर यांनी २०१६ मध्ये दाखवले की ज्यात ध्वनीचा वेग अतिशय कमी आहे अशा द्रव्यातील क्षोभ उसळीपूर्वीच कृष्णविवरांमध्ये कोसळू शकतात.

दिशाविषमतेवर सुचवलेला सर्वांत प्रभावी उपाय २००१ मध्ये जस्टिन खूरी, बर्ट ओव्हरुट, पॉल स्टाइनहार्ट आणि नील ट्यूरॉक यांनी मांडलेल्या एकपायरोटिक प्रतिमानातून आला, ज्याचे आवर्ती रूप स्टाइनहार्ट व ट्यूरॉक यांनी पुढच्याच वर्षी प्रसिद्ध केले. त्यात आकुंचन घडवणाऱ्या अदिश क्षेत्राचा, म्हणजे प्रत्येक बिंदूला केवळ एक संख्या असणाऱ्या क्षेत्राचा, दाब त्याच्या घनतेच्या कितीतरी पट असतो, म्हणून त्याची ऊर्जा दिशाविषमतेपेक्षाही वेगाने वाढते आणि विषमता मागे पडते. २००८ मध्ये संगणकावर सोडवलेल्या आइन्स्टाइन-समीकरणांतही अवकाशाचा बहुतांश भाग अशा रीतीने गुळगुळीत होताना दिसला. आकुंचन इथे अतिशय संथ असते, त्यामुळे हबल त्रिज्या आक्रसते पण विश्वाचा आकार फारसा बदलत नाही. किंमत मोजावी लागते ती वर्णपटात. एकाच क्षेत्रावर चालणाऱ्या एकपायरोटिक आकुंचनात वक्रता-क्षोभाचा, म्हणजे पुढे तापमानाच्या चढउतारांत उतरणाऱ्या क्षोभाचा, वर्णपट आखूड तरंगांकडे जोरात झुकलेला निघतो. काही काळ या मुद्द्यावर कडाक्याचा वाद झाला, कारण त्याच विश्वातील गुरुत्वीय विभवाचा वर्णपट मापनिरपेक्ष येतो आणि उसळीपलीकडे यांपैकी कोणता पोहोचतो हे ठरत नव्हते. २००७ पासून सर्वमान्य झालेली वाट अशी की दोन क्षेत्रे घ्यायची, त्यांच्यातील परस्पर फरकाच्या क्षोभाला मापनिरपेक्ष होऊ द्यायचे, आणि उसळीपूर्वी क्षेत्रांच्या मार्गाला वळण देऊन तो वक्रता-क्षोभात रूपांतरित करायचा. काम होते, पण नैसर्गिकपणा हरवतो, असे म्हटल्यास ते अन्यायाचे ठरू नये.

आता प्रत्यक्ष उसळी. व्यापक सापेक्षतेत, सपाट अवकाशाच्या विश्वात, आकुंचनाचे प्रसरणात रूपांतर व्हायचे तर त्या क्षणी घनता आणि दाब यांची बेरीज ऋण असावी लागते, आणि ओळखीचे कोणतेही द्रव्य तसे वागत नाही. अमलकुमार रायचौधुरी यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समीकरणातून आणि त्यावर आधारलेल्या हॉकिंग-पेनरोज प्रमेयांतून हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने दिसते: गुरुत्वाकर्षण केवळ ओढतच असेल तर कोसळणे थांबत नाही. जयंत नारळीकर यांना ही अट नवीन नव्हती. फ्रेड हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये त्यांनी मांडलेल्या अर्धस्थिर विश्वात दीर्घकालीन प्रसरणावर सुमारे ५० अब्ज वर्षांची आंदोलने स्वार असतात आणि प्रत्येक आकुंचन थोपवून धरते ते ऋण ऊर्जेचे निर्मिती-क्षेत्र. मात्र त्या प्रतिमानात पार्श्वभूमी प्रारण हे प्राचीन दाट अवस्थेचे अवशेष नसून ताऱ्यांचा पुन्हा विखुरलेला प्रकाश आहे, त्यामुळे तापमानातील चढउतारांचे स्पष्टीकरणही मागील आकुंचनाच्या टोकाला असलेल्या दीर्घिका-समूहांवरून द्यावे लागते. बहुसंख्य विश्वरचनाशास्त्रज्ञांना ते पटले नाही.

आजची बहुतेक प्रतिमाने ऋण बेरीज मिळवण्यासाठी खास घडवलेली अदिश क्षेत्रे वापरतात आणि तिथे क्षोभांची दुसरी परीक्षा होते. क्षोभाच्या समीकरणातील ध्वनिवेगाचा वर्ग ऋण झाला तर आखूड तरंग आंदोलण्याऐवजी घातांकी वेगाने फुगतात आणि क्षणार्धात सारे मोडते. एम. लिबानोव, एस. मिरोनोव आणि व्ही. रुबाकोव यांनी आणि स्वतंत्रपणे त्सुतोमु कोबायाशी यांनी २०१६ मध्ये सिद्ध केले की अशा क्षेत्रांच्या एका मोठ्या कुटुंबात ही अस्थिरता उसळीच्या क्षणी टळली तरी आकुंचन ते प्रसरण या संपूर्ण प्रवासात कुठे ना कुठे गाठतेच. सिद्धांताचे कुटुंब आणखी विस्तारून त्यातून सुटका करता येते. लांब तरंगांची कथा मात्र तुलनेने सोपी आहे: उसळीला लागणारा काळ त्यांच्या तरंगलांबीच्या मानाने इतका थोडा असतो की बऱ्याच प्रतिमानांत ते जवळजवळ न बदलता पार होतात. गणित करताना गोंधळ उडतो तो चल निवडण्यात, कारण हबल दर, म्हणजे प्रसरण-आकुंचनाचा वेग, शून्य होतो त्या क्षणी प्रसरणकाळात सोयीचे असणारे काही चल अनंत होतात, भौतिक राशी मात्र शांतपणे सांत राहतात.

द्रव्य-उसळीचा खरा पेच याच टप्प्यावर उघड होतो. धुळीच्या आकुंचनात गुरुत्वीय लहरीही त्याच समीकरणाने आणि त्याच वेगाने वाढतात, त्यामुळे साध्या गणितात लहरी व घनता-क्षोभ यांच्या जोराचे गुणोत्तर २४ च्या आसपास निघते, तर बायसेप-केक प्रयोगाच्या २०२१ च्या मर्यादेनुसार ते ०.०३६ पेक्षा कमी असायला हवे. उसळीत घनता-क्षोभ अधिक फुगवले तर गुणोत्तर उतरते, पण क्विंटिन, ब्रँडनबर्गर व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवले की एकाच क्षेत्राच्या प्रतिमानात असे फुगवणे क्षोभांच्या सांख्यिकीत गॉसच्या घंटाकार वक्रापासून इतके विचलन आणते की प्लँकच्या मोजमापांशी तोच दुसरा विरोध उभा राहतो. अंगावरचे पांघरूण डोक्यावर ओढावे तर पाय उघडे पडावेत, तशी ही स्थिती आहे. दोन क्षेत्रे घेतल्यास मोकळीक मिळते. आयआयटी मद्रासमधील एल. श्रीरामकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सममित द्रव्य-उसळीत गुणोत्तर मर्यादेच्या पुष्कळ खाली येते, मात्र तिथे एका क्षेत्राची गतिज ऊर्जा ऋण धरावी लागते.

विचित्र द्रव्यावाचून उसळी मिळण्याची वाट खुद्द अवकाशाच्या पुंजस्वरूपातून जाते. धुळे जिल्ह्यातील शिरपूर येथे जन्मलेले अभय अष्टेकर यांनी १९८६ मध्ये व्यापक सापेक्षतेसाठी जे नवे चल मांडले त्यांतून लूप पुंज गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत विकसित झाला, आणि २००६ मध्ये त्यांनी टोमाश पावलोव्स्की व पुण्याच्या आयुकामध्ये संशोधन केलेले परमप्रीत सिंग यांच्यासह दाखवले की या सिद्धांताच्या सोप्या प्रतिमानांत घनता, आजच्या हिशेबाने, प्लँक घनतेच्या सुमारे ०.४१ पट झाली की विश्व उसळते. द्रव्य इथे सर्वसाधारणच असते. बदलते ते समीकरण, ज्यात घनतेच्या जोडीला तिच्या वर्गाचे ऋण पद येऊन गुरुत्वाकर्षण त्या टोकाला ढकलू लागते. अष्टेकर, इव्हान आगुयो आणि विल्यम नेल्सन यांनी या उसळीतून क्षोभ पार कसे होतात याचे गणित २०१२ पासून मांडले. या चौकटीत उसळीनंतर इन्फ्लेशन होतेच, म्हणून बहुतेक तरंगांना उसळीची जाणीवही होत नाही. ज्यांची तरंगलांबी उसळीच्या क्षणीच्या वक्रतेच्या त्रिज्येएवढी किंवा त्याहून मोठी होती तेच तरंग उत्तेजित होऊन इन्फ्लेशनपर्यंत पोहोचतात. आजच्या आकाशात ते सर्वांत विस्तृत कोनांवर दिसायला हवेत, आणि प्लँकच्या नकाशात नेमक्या याच कोनांवर अपेक्षेपेक्षा कमी जोर आढळतो. अष्टेकर आणि ब्रजेश गुप्त यांनी २०१७ मध्ये या उणिवेचा संबंध उसळीशी जोडला. दुर्दैव असे की आकाश एकच असल्याने इतक्या मोठ्या कोनांवर नमुनेच मोजके मिळतात, आणि ही उणीव निव्वळ योगायोगाची असू शकते हे कोणतेही अधिक चांगले उपकरण नाकारू शकणार नाही.

त्यामुळे निवाड्याची खरी आशा दोन वेगळ्या मोजमापांवर आहे. एकपायरोटिक आकुंचनात वैश्विक लांबीच्या गुरुत्वीय लहरी जवळजवळ निर्माणच होत नाहीत. जपानच्या पुढाकाराने आखणीत असलेल्या लाइटबर्ड उपग्रहाला ०.००१ च्या पातळीपर्यंत गुणोत्तर मोजून त्या आढळल्या, तर ते प्रतिमान आजच्या रूपात उरणार नाही, पण न आढळल्यास ते सिद्धही होणार नाही, कारण अत्यल्प लहरी देणारी इन्फ्लेशनची प्रतिमानेही आहेत. दुसरे मोजमाप गॉस-वक्रापासूनच्या विचलनाचे. द्रव्य-उसळीच्या मूळ गणितात त्याचा अंक उणे ३५ भागिले ८, म्हणजे सुमारे उणे ४.४, असा येतो. प्लँकने या अंकासाठी दिलेली किंमत उणे ०.९ असून तिची अनिश्चितता ५.१ इतकी मोठी आहे, म्हणून उणे ४.४ आणि शून्य यांपैकी काहीच आज नाकारता येत नाही. मार्च २०२५ मध्ये प्रक्षेपित झालेल्या नासाच्या स्फिअरएक्स दुर्बिणीचे उद्दिष्ट दीर्घिकांच्या विखुरणीवरून हा अंक सुमारे एका एककाच्या अचूकतेने मोजणे हे आहे, आणि तेवढ्या अचूकतेत हे दोन आकडे एकमेकांपासून वेगळे ओळखू येतात.